चेसी प्रागची, बॉडी मालवणची

कसालवरून कुडाळकडे जाताना महामार्गावर अधूनमधून एक उघडीबोडकी गाडी लागते. पुढे इंजिन, मागे लांबलचक लोखंडी सांगाडा, त्याला चाकं, आणि ऊन-वारा खात हेल्मेट घालून बसलेला ड्रायव्हर. केबिन नाही, हौदा नाही, दारं नाहीत. कारखान्यातून निघून बॉडी बांधणाऱ्याकडे चाललेली ती नुसती चेसी. आपल्याकडे ट्रक वर्षानुवर्षं असाच तयार होत आला. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल कंपनीचं. केबिन सुताराची आणि पत्रेवाल्याची. हौद्याची उंची मालक ठरवणार, कारण चिरा भरायचा तर हौदा वेगळा, हापूसच्या पेट्या वाशीला न्यायच्या तर वेगळा, बर्फातली मासळी न्यायची तर आणखी वेगळा. शेवटी पेंटर येणार. कपाळावर देवाचं नाव, पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’, दारावर मालकाच्या पोरांची नावं. त्यानंतरच ती गाडी ‘आपली’ होणार.

ट्रक चालवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये स्वतःच्या पसंतीची गाडी बसवणं हा उद्योग मला याच परंपरेतला वाटतो, आणि या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मला मुख्यतः तेवढंच सांगायचं आहे. गेम म्हणजे चेसी. ती प्रागमध्ये तयार होते, इंडोनेशियात होते, ब्राझीलमध्येही होते. तिच्यावर बॉडी कुठली चढवायची, ती कुठल्या आगाराची, पाटीवर मालवण-कुडाळ लिहायचं की मालवण-बोरिवली, हे इथली पोरं ठरवतात. घरातल्या मोठ्यांना हा निव्वळ टाइमपास वाटतो. पण परवा मासळी बाजाराच्या वाटेवर दोघा शाळकरी मुलांचं बोलणं कानावर पडलं. एक म्हणत होता, “मॉड बसलो, पण गाडी खंयच दिसणा नाय.” दुसऱ्याने विचारलं, “गेमचो व्हर्जन खयचो तुझो?” हा प्रश्न गॅरेजमधल्या हुशार हेल्परचा आहे. आधी मॉडेल विचारायचं, मग पार्ट काढायचा.

नव्या वाचकासाठी थोडं मुळापासून सांगायला हवं. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’सारख्या गेममध्ये तुम्ही ट्रक ड्रायव्हर असता. माल उचलायचा, नियम पाळत पोचवायचा, भाडं घ्यायचं, डिझेल भरायचं, झोप आली की गाडी बाजूला लावायची. गोळीबार नाही, शत्रू नाही. सगळी मजा रिव्हर्समध्ये ट्रेलर बरोबर लावण्यात. अशा गेममध्ये कंपनीने दिलेल्या गाड्यांखेरीज बाहेरच्या कुणी बनवलेली गाडी, रंग, आवाज किंवा रस्ता भरण्याची सोय असते. त्या भरलेल्या वस्तूला मॉड म्हणतात. पुष्कळ मॉड तीन-चार जणांनी मिळून केलेली असतात. एकाने आकार घडवलेला असतो, दुसऱ्याने रंग चढवलेला, तिसऱ्याने खऱ्या गाडीच्या बॉनेटजवळ मोबाइल धरून आवाज उचललेला.

पालकांसाठी एक खुलासा इथेच करतो. ‘मॉड एपीके’ नावाने जे फिरतं ते वेगळं. ती कुलूप तोडलेली आख्खी गेम असते आणि तिच्या पोटात काय दडलंय ते कुणी सांगू शकत नाही. या पुस्तकाचा तिच्याशी संबंध नाही. तसाच पैसे लावून खेळायच्या गेमशीही नाही, ज्यांच्यावर केंद्राने २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. ‘ऑनलाइन गेम’ म्हटलं की सगळ्यांना एकाच दावणीला बांधायची सवय आपण सोडायला हवी.

या क्षेत्राचा उगम थोडा अनपेक्षित ठिकाणी आहे. १९९८ मध्ये सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कच्या एका कंपनीने ‘हार्ड ट्रक’ ही गेम काढली. त्याच नावाचा धागा पुढे प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीने उचलला आणि २००२ पासून ‘एटीन व्हील्स ऑफ स्टील’ची मालिका सुरू केली. तिच्यातली २००६ची ‘हॉलिन’ आपल्याकडे सायबर कॅफेच्या जुन्या कॉम्प्युटरांवरही चालायची. तिने ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ‘मॉड’ नावाचं एक फोल्डर ठेवलं होतं. त्यात ‘.एससीएस’ शेपटीची फाइल टाकली की गेम तिला आपलं मानायची. हा दरवाजा उघडा ठेवणं हा त्या कंपनीचा सगळ्यात शहाणा निर्णय म्हटला पाहिजे. अमेरिकेच्या हायवेवर अशोक लेलँड धावताना पहिल्यांदा दिसली ती याच दारातून.

त्याच सुमाराला दुसरी वाट होती ‘जीटीए सॅन अँड्रियास’ची. तिथे दार नव्हतं, खिडकीतून शिरावं लागे. गेमच्या मोठ्या संग्रह-फाइलमधली मूळ बस उपसून काढायची आणि तिच्याच नावाने एस.टी. आत सारायची. एकदा सारली की मूळ बस गेली ती गेली. आकाराची एक फाइल, रंगाची एक, आणि गाडीचं वजन-वेग ठरवणारी साधी मजकुराची एक ओळ. ती ओळ लिहिताना एक आकडा चुकला तर बस उताराला लागल्यासारखी आपोआप धावत सुटायची. जुन्या मंडळींचं फाइलींचं व्याकरण पक्कं झालं ते या उपसाउपशीत. त्यांना बॅकअप घ्यायला कुणी शिकवावं लागलं नाही.

एससीएसची गेम आपल्या रस्त्यांच्या सगळ्यात जवळ आली ती २०११ मध्ये. ‘एक्स्ट्रीम ट्रकर २’ या गेममध्ये त्यांनी बांगलादेशचे रस्ते घातले होते. अरुंद डांबर, समोरून येणारी रंगीत बस, साईड द्यायची पंचाईत. कोकणातल्या माणसाला तो नकाशा परका वाटण्याचं कारणच नव्हतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ आली आणि मॉडचं जग कायमचं बदललं. नीट मांडलेलं मॉड मॅनेजर आलं, पुढे स्टीम वर्कशॉप आलं. ब्लेंडर हे थ्रीडीचं मोफत सॉफ्टवेअर वापरून गाड्या घडवता याव्यात म्हणून कंपनीने स्वतःची साधनंही मोफत दिली. आता मूळ गाडी काढून टाकायची गरज उरली नाही. नवी गाडी शोरूममध्ये जुन्यांच्या शेजारी उभी राहू लागली.

पण ही सगळी चैन ज्याच्याकडे बऱ्यापैकी कॉम्प्युटर आहे त्याची. सिंधुदुर्गातल्या बहुतेक घरांत तो नव्हता, आजही नाही. इथे गाडी खऱ्या अर्थाने पोचली ती मोबाइलवर, आणि त्यामागे दोन घटना आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, मालेओ या इंडोनेशियन कंपनीची ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ बाजारात आली. पोरांच्या भाषेत ‘बसिड’. ती फुकट होती, साध्या फोनवर चालत होती. तिसरं कारण कुणी फारसं लक्षात घेत नाही: इंडोनेशियात वाहनं रस्त्याच्या डावीकडून चालतात. स्टिअरिंग उजवीकडे, प्रवासी चढतात डावीकडून, अगदी आपल्यासारखं. प्रागच्या गेममध्ये ब्रिटनसारखे थोडे अपवाद सोडले तर युरोप उजवीकडून चालतो, तिथे भारतीय ट्रकचं स्टिअरिंग कायम चुकीच्या बाजूला वाटतं. जावाच्या रस्त्यावर मात्र नारळ, भातशेती, कौलारू घरं, दोन पदरी रस्ता आणि मध्येच घुसणारे दुचाकीवाले. आपल्या पोरांना तिथे ओळख करून घ्यावी लागली नाही.

हॉर्नही आपल्याच स्वभावाचा. २०१६ च्या अखेरीस इंडोनेशियातली मुलं रस्त्याकडेला उभी राहून येणाऱ्या बसला ‘ओम तेलोलेत ओम’ म्हणजे ‘काका, वाजवा की भोंगा’ असं ओरडायची. ते व्हिडिओ जगभर फिरले, नावाजलेल्या डीजेंनी त्यावर गाणी केली. ‘बसिड’मध्ये तो भोंगा आहे. ब्राझीलच्या ‘प्रोटॉन बस सिम्युलेटर’चाही इथे उल्लेख हवा, तीही २०१७ चीच आणि साध्या कॉम्प्युटरवर चालणारी. आपल्याकडे तिचा पसारा त्या मानाने लहान.

पुढे ‘बसिड’ने बाहेरची गाडी बसवायची सोय दिली आणि मग थांबणं नव्हतं. लाल परी आली, शिवशाही आली, टाटा ४०७ आला, चिऱ्याचा डंपर आला. रेंज नसलेल्या वाडीत फाइल एका फोनवरून दुसऱ्यावर जायची ती शेअरइट किंवा झेंडरने. २९ जून २०२० रोजी केंद्राने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात ही दोन्ही गेली. लॉकडाऊनमध्ये मुलं अभ्यासाच्या नावाने रेंज शोधत डोंगर चढत होती आणि त्याच रेंजमधून टेलिग्रामवर मॉड उतरत होती. एस.टी.चा मोठा संप झाला त्या २०२१-२२ च्या हिवाळ्यात रस्त्यावर न दिसणारी लाल परी मोबाइलमध्ये तेवढी वेळेवर सुटत होती.

आता प्रत्यक्ष बसवण्याकडे येतो, कारण पुस्तकाचा गाभा तो आहे. डाउनलोड कुणीही करतो. अडतं ते पुढे.

प्रागच्या गेमची रीत घ्या. आलेली फाइल बहुधा दाबून बांधलेली असते, ती आधी सोडायची. आत ‘.एससीएस’ फाइल असेल तर ती ‘डॉक्युमेंट्स’मधल्या गेमच्या ‘मॉड’ फोल्डरमध्ये टाकायची. गेम उघडून प्रोफाइलवर मॉड मॅनेजरमध्ये गेलं की डावीकडे उपलब्ध मॉडची यादी असते, उजवीकडे चालू केलेल्यांची. डावीकडून उजवीकडे न्यायचं आणि ‘ठीक’ म्हणायचं. इथवर सगळ्यांना येतं. खरी गोम उजवीकडच्या यादीच्या क्रमात आहे. दोन मॉड एकाच गोष्टीवर हक्क सांगत असतील तर यादीत वर असलेलं जिंकतं. टायरचं एक मॉड आणि ट्रकचं एक, दोघांनीही त्याच नावाच्या चाकाची फाइल आणलेली. ट्रक वर ठेवला तर एक चाक दिसतं, टायर वर ठेवला तर दुसरं. यात बिघाड काही नसतो, क्रम लावायचा असतो. क्रमाचं हे तत्त्व समजलेला मुलगा उद्या वेबसाइटचं किंवा कुठल्याही सॉफ्टवेअरचं काम हाती घेईल तेव्हा तेच तत्त्व तिथे भेटेल. मात्र म्हणून खेळाला अभ्यासाचा मुलामा देऊ नये. मुलांना तो लगेच कळतो आणि आवडत नाही.

‘.एससीएस’ फाइल म्हणजे बहुतेकदा नाव बदललेली झिप फाइलच असते. ती उघडून आत डोकावावं. ‘डेफ’ नावाच्या फोल्डरमध्ये गाडीची कुंडली साध्या मजकुरात लिहिलेली सापडते: इंजिनचा टॉर्क, गिअरचं प्रमाण, किंमत, कुठल्या पायरीला गाडी खुली होणार. नोटपॅडमध्ये वाचता येते. इथेच मॉड करणाऱ्याची इमानदारी दिसते. टाटाच्या जुन्या नावांत हिशोब असतो: १६१२ म्हणजे साधारण १६ टनांची आणि १२० अश्वशक्तीच्या आसपासची गाडी, १२१० म्हणजे १२ टन आणि १००. हे कुठल्याही जुन्या ड्रायव्हरला तोंडपाठ. पण नुसता पत्रा बदललेल्या मॉडमध्ये या १६१२च्या पोटात स्कॅनियाचं सातशे अश्वशक्तीचं इंजिन निघतं, आणि मग ती भरलेल्या हौद्यानिशी चढ असा चढते की खऱ्या आंबोली घाटात पहिल्या गिअरमध्ये घाम गाळलेल्या माणसाला हसू यावं.

गाडी दिसतच नसेल तर? पोरं सहसा मॉड काढून परत टाकतात, मग गेम काढून परत टाकतात, मग कॉम्प्युटरला दोष देतात. याहून सोपा उपाय गेम स्वतःच लिहून ठेवते. ‘गेम.लॉग.टीएक्सटी’ नावाची फाइल गेमच्या त्याच फोल्डरमध्ये असते. गेम सुरू होताना काय उघडलं, काय सापडलं नाही, याची ओळीने नोंद. ‘एरर’ शब्द शोधायचा आणि शेजारी कुठल्या फाइलचं नाव आहे ते वाचायचं. दहापैकी बऱ्याच वेळा उत्तर एवढंच असतं: मॉड जुन्या आवृत्तीसाठी केलेलं आहे, किंवा त्याच्यासोबत लागणारं दुसरं मॉड तुम्ही घेतलेलंच नाही. प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर हे होणारच. लेखकांनी या एका फाइलला पुस्तकात जेवढी जागा दिली आहे तेवढी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही, आणि माझ्या मते पुस्तकाची अर्धी किंमत तिथेच वसूल होते.

बसचं मॉड या गेममध्ये आणखी मजेशीर. प्रागच्या गेमला बस कळायची नाही, तिच्या लेखी सगळे ट्रकच. म्हणून बस बनवणारा तिला ट्रकच्या दाखल्यावर दाखल करतो आणि भाडं मिळावं म्हणून मागे न दिसणारा ट्रेलर जोडतो. म्हणजे कुडाळहून निघालेली एस.टी. कागदोपत्री अदृश्य ट्रेलर ओढत असते. कागदोपत्री गाडी एक आणि रस्त्यावर दुसरी, यात आपल्याला नवल वाटायला नको.

मोबाइलवर रीत सोपी आहे, अडचणी वेगळ्या. ‘.बसिडव्हेइकल’ किंवा ‘.बसिडमॉड’ शेपटीची फाइल गेमच्या मॉड फोल्डरमध्ये गेली पाहिजे. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल व्हॉट्सॲपच्याच पोटात पडून राहते, तिथून ती उचलावी लागते, त्यासाठी झेडआर्काइव्हरसारखं ॲप लागतं. अँड्रॉइड ११ पासून एका ॲपला दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरायला बंधनं आली, त्यामुळे २०१९ च्या व्हिडिओत दाखवलेली वाट आजच्या फोनवर सापडतच नाही. पुस्तक कशाला, व्हिडिओ आहेत की, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. व्हिडिओ कुठे बोट लावायचं ते दाखवतो, का लावायचं ते क्वचितच सांगतो. आणि ‘लिंक डिस्क्रिप्शनमध्ये’ म्हटलं की पुढची पाच पानं जाहिरातींची.

रंगाबद्दल एक छोटी गोष्ट. गाडीचा रंग, म्हणजे लिव्हरी, ही एक सपाट चित्राची फाइल असते. गाडीचा पत्रा उलगडून पसरावा तशी. काही मॉड करणारे मेहनत वाचवायला डावी बाजू आणि उजवी बाजू चित्राच्या एकाच तुकड्यावर बसवतात. साध्या रंगाला चालून जातं. पण त्यावर ‘मालवण आगार’ लिहिलं की एका बाजूला सरळ दिसतं आणि दुसऱ्या बाजूला आरशातल्यासारखं उलटं. पोरांना वाटतं फॉन्ट बिघडला. फॉन्टचा दोष नाही. तो मूळ सांगाड्यातला आळस आहे, आणि लिव्हरी बदलून तो सुटणारा नाही. सांगाडाच दोन्ही बाजू वेगळ्या ठेवून पुन्हा उलगडावा लागतो.

मॉड करणाऱ्यांत घराणी आहेत. मी त्यांना नावं देत नाही, पण ओळखू येतात. एक घराणं अचूकतेचं. यांच्या लाल परीची नंबर प्लेटसुद्धा बरोबर असते. एमएच-१४ बीटी असेल तर दापोडीच्या कार्यशाळेत बांधलेली, एमएच-२० बीएल असेल तर चिकलठाण्याची, एमएच-४० असेल तर नागपूरजवळच्या हिंगण्याची. खिडक्यांची ठेवण, मागच्या शिडीचा आकार, जुन्या अॅल्युमिनियमच्या बॉडीवरची रिबिटं आणि नव्या माइल्ड स्टीलच्या बॉडीचा गुळगुळीत पत्रा, यांवर हे लोक तासन्‌तास वाद घालतात. दुसरं घराणं रोषणाईचं. केरळच्या टुरिस्ट बसचा प्रभाव यांच्यावर उघड आहे: लेझर, चित्रं, संगीत, पन्नास दिवे. तिसरं घराणं ड्रायव्हरचं. यांना दिसण्याशी देणंघेणं कमी, गाडी ब्रेकला कशी वाकते आणि टर्बोची शिट्टी कुठल्या गिअरला येते यात त्यांचा जीव. चौथ्याला घराणं म्हणवत नाही. दुसऱ्याचा सांगाडा उचलायचा, त्यावर स्वतःचं नाव टाकायचं आणि ‘एडिट बाय’ लिहून ग्रुपमध्ये फिरवायचं, कधी तो विकायचाही. याचा राग येऊन मूळ करणारे फाइलला पासवर्ड लावतात किंवा सगळं बंद करून निघून जातात. माझा कल पहिल्या आणि तिसऱ्या घराण्याकडे आहे, हे लपवत नाही. पण रोषणाईवाल्यांना हलकं लेखणाऱ्यांशीही माझं जमत नाही. ट्रकच्या पेंटरलाही एकेकाळी असंच हलकं लेखलं गेलं.

हे सगळं आजच का लिहून ठेवायचं, याचं उत्तर रस्त्यावर आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी संपते, त्यात एस.टी. महामंडळाच्या गाड्याही आल्या. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. निघाली, तेव्हापासून बॉडीची किती रूपं झाली याचा फोटोंत थोडाफार पुरावा सापडतो, पण गाडीभोवती फिरून बघता येईल, आत चढता येईल, ड्रायव्हरच्या सीटवरून रस्ता दिसेल असा पुरावा फार थोडा. हिरव्या पट्ट्याची एशियाड भंगारात गेली, तिच्या आतल्या सीटची रचना आज एखाद्या नीट केलेल्या मॉडमध्ये सापडते. ही मुलं स्वतःला संग्राहक म्हणवत नाहीत. तरी काम त्यांनी तेच केलं आहे.

दुसरीकडे खऱ्या गाडीवर हौस करायची जागा आक्रसत चालली आहे, आणि त्याला सबळ कारणंही आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली, कारण ते वाचून लोक विनाकारण हॉर्न मारत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची किंवा कैदेची तरतूद केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडक्कनचेरीला झालेल्या भीषण अपघातानंतर केरळने टुरिस्ट बसच्या पांढऱ्या रंगाची सक्ती कडकपणे अमलात आणली. पन्नास दिव्यांची ती बस रस्त्यावरून हटली. मोबाइलमध्ये ती अजून पेटलेली आहे आणि तिथे तिच्यामुळे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. कायद्याच्या बाजूने असलेल्या माणसालाही ही व्यवस्था पटण्यासारखी आहे.

तिसरी बाजू रोजगाराची. राज्याने २०२५ मध्ये ॲनिमेशन, गेमिंग वगैरे क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. धोरणांचा लाभ मुंबई-पुण्याच्या खाली सरकायला किती वेळ लागतो हे कोकणाला सांगायला नको. पण ब्लेंडर फुकट आहे, आणि एका ट्रकचा सांगाडा घडवलेला कणकवलीचा मुलगा त्या क्षेत्राच्या दारात कोऱ्या हातांनी उभा राहत नाही. यापेक्षा जास्त स्वप्न विकायला मी तयार नाही.

या पार्श्वभूमीवर हे पुस्तक काय करू पाहतं? पहिलं म्हणजे बसवण्याची कला मराठीत, तीही फोनवाल्या वाचकाला केंद्रात ठेवून सांगतं. दुसरं म्हणजे ते कुठल्याही एका आवृत्तीला बांधून घेत नाही. बटण कुठे आहे हे सांगण्यापेक्षा फाइल कुणाला शोधते, कुणावर अवलंबून असते, कुणापुढे हरते, हे ते समजावून देतं, म्हणून पुढच्या अपडेटला ते रद्दी होणार नाही. तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दुसऱ्याचं मॉड वापरताना परवानगी कशी मागायची, श्रेय कुठे लिहायचं, फिरवण्याआधी सोबतची ‘रीडमी’ फाइल का वाचायची, हे लेखकांनी उपदेशाचा सूर न लावता सांगितलं आहे. उदाहरणं इथली आहेत. खारेपाटणपासून बांद्यापर्यंतचा महामार्ग, देवगडच्या पेट्या, रेडीच्या खनिजाचे डंपर, वस्तीला जाणारी शेवटची एस.टी.

दोन ठिकाणी माझं लेखकांशी जमत नाही आणि प्रस्तावनेत ते नोंदवायला त्यांनीच परवानगी दिली आहे. नकाशाचं मॉड त्यांनी जवळजवळ सोडून दिलं. त्यांचं म्हणणं, प्रागच्या गेममध्ये युरोपचं प्रमाण १:१९ आहे. कणकवली-कुडाळचा तीसेक किलोमीटरचा रस्ता त्या हिशोबाने जेमतेम दीड किलोमीटर उरतो, मग त्यात ओरोस कुठे आणि कसाल कुठे बसवणार? आक्षेप खरा आहे. पण नेमकं काय गाळायचं आणि काय ठेवायचं हा प्रश्नच मला सगळ्यात रंजक वाटतो. करूळ घाटाचं एकच वळण ठेवायचं असेल तर कुठलं? त्यावर एक प्रकरण व्हायला हवं होतं.

दुसरं, ड्रायव्हर मंडळी या पुस्तकात कमी दिसतात. गाडीचा आवाज, गिअर बदलायची वेळ, पावसाळ्यात फोंडा घाटात ब्रेक कसा जपायचा, हे डेफच्या आकड्यांत उतरवायचं तर जुन्या एस.टी. ड्रायव्हरला शेजारी बसवून मॉड चालवून दाखवायला हवं. लेखक म्हणतात, दोघा-तिघांना दाखवलं, पण त्यांचं सगळं लक्ष बाजूच्या आरशांत होतं. डावा आरसा चुकीच्या कोनात लावलाय, अशा गाडीला आगारातून बाहेर सोडणार नाही, असं एकाने बजावलं. तो आरसा आता सुधारला आहे आणि त्याची फाइल पुस्तकासोबत दिली आहे. यादीत ती ट्रकच्या वर ठेवायची.